माध्यमिक शाळेत कृषी विषय उभा करताना: वाफा, वही आणि घरचा प्रकल्प

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापकांचा आहे. शाळा पाचवी ते दहावी. शाळेच्या नावावर दोन एकर काळी जमीन, एक विहीर, पाणी जेमतेम फेब्रुवारीपर्यंत. यंदापासून नववीला कृषी हा व्यवसाय विषय सुरू होतोय, त्यासाठी एक कृषी पदवीधर शिक्षक मानधनावर मिळाले आहेत. माजी विद्यार्थी मिळून पॉलीहाऊस बांधून द्यायला तयार आहेत. मुख्याध्यापक विचारतात, ‘विषय नुसता कागदावर राहू नये, मुलांच्या आणि गावाच्या उपयोगी पडावा. सुरुवात कुठून करू?’

सर, सुरुवात वेळापत्रकापासून करा. जमीन, पॉलीहाऊस, अवजारं हे सगळं नंतर. शाळेत कृषी शिकवणं आणि कृषी शिक्षकांची प्रशिक्षणं घेणं हेच माझं आयुष्यभराचं काम, आणि ज्या शाळांत हा विषय खरोखर रुजला तिथे मला सारखं एकच दिसलं आहे. प्रत्येक मुलाकडे स्वतःच्या जबाबदारीचं काहीतरी जिवंत होतं, त्याची नियमित नोंद होती, आणि ती नोंद वाचून त्यावर बोलणारा शिक्षक होता. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी दोन एकर काय, दहा एकर असून काही होत नाही. शाळेचं शेत सालगडी कसतो, मुलं तासाला पुस्तकातली व्याख्या लिहून घेतात आणि प्रात्यक्षिकाची वही मार्चमध्ये एकमेकांची बघून पूर्ण होते.

ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या शाळांत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं असं म्हटलं, आणि जमेल तिथे धड्यांच्या जोडीला लहानसं नमुना शेत असावं असंही सुचवलं. ते शेत नीट चालवलं तरच त्याचा उपयोग, हेही त्यांनी तिथेच सांगून ठेवलं. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ चालवलं, तेव्हा मुलं शेतात राबत होती आणि त्या राबण्याला मान होता. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय, ज्याला सगळे आयबीटी म्हणतात, त्याची मांडणी मला आजही सगळ्यात व्यवहारी वाटते: आठवड्यातला एक दिवस हाताने कामाचा, शिकवायला गावातलेच कारागीर, आणि मुलांनी गावकऱ्यांची खरी कामं मोबदला घेऊन करायची.

अमेरिकेचं एक उदाहरणही इथे कामाचं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कृषी शाळेत रुफस स्टिमसन यांनी १९०८ पासून घरच्या प्रकल्पाची पद्धत बसवली. मुलगा शाळेत शिकेल, पण पीक किंवा जनावर स्वतःच्या घरी सांभाळेल आणि शिक्षक तिथे जाऊन बघेल. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने कृषी शिकणाऱ्या मुलाला वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम सक्तीचं केलं, मग ते शाळेच्या शेतावर असो की दुसऱ्या कुणाच्या. मला त्यातली मुख्य गोष्ट वाटते ती शिक्षकाचं मुलाच्या घरी जाणं. आपल्या आराखड्यांमध्ये नेमकं तेच गळालेलं असतं.

आता तुमच्या शाळेचं बघू.

वर्गात चाळीस मुलं-मुली धरा. एकेकाला तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असा एक गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा थोडा उंच केलेला वाफा, द्यायचा. मध्ये अर्धा मीटर वाट सोडली तरी चाळीस वाफे सव्वादोन गुंठ्यांत बसतात. कडेची जागा, पाण्याची टाकी, कंपोस्टचा खड्डा धरून तीन गुंठे लागतील. दोन एकरांतले फक्त तीन. हे वाफे शाळेच्या इमारतीला लागून, येता-जाता दिसतील असे असू द्या. पाणीही फार लागत नाही. एकशे वीस चौरस मीटर वाफ्यांना हिवाळ्यात दिवसाला चार-पाच मिलिमीटर धरलं तर पाचशे-सहाशे लिटर होतात. हजार लिटरची एक टाकी आणि साधं ठिबक एवढ्यावर भागतं. विहीर तळाला गेली तरी हे वाफे जगवता येतात.

प्रत्येक वाफ्यावर मुलाच्या नावाची पाटी हवी. गटाला वाफा देऊ नका. गटात दोघं काम करतात आणि चौघं उभे राहतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एकाचा वाफा सुकला तर तो त्याचाच सुकला पाहिजे आणि का सुकला हे त्याला सांगता आलं पाहिजे. त्याला त्याबद्दल रागवायचं नाही. मात्र वहीत लिहून घ्यायचं.

उरलेल्या जमिनीतली अर्धा एकर प्रयोगासाठी ठेवा. राहिलेली एखाद्या भरवशाच्या शेतकऱ्याला बटईने द्या किंवा तिथे सीताफळ, आवळा, जांभूळ लावा, आणि येणारं उत्पन्न याच विषयाच्या खात्यात येईल असा ठराव शाळा समितीत करून घ्या. मुलांना दोन एकर कसायला लावू नका. तो अभ्यासक्रम राहत नाही, मजुरी होते. आणि एक नियम पहिल्याच दिवशी सगळ्या शिक्षकांना सांगून टाका: शिक्षा म्हणून कुणालाही शेतात पाठवायचं नाही. वर्गात गोंधळ केला म्हणून तण काढायला पाठवलेलं मूल आयुष्यभर खुरपं म्हटलं की अपमानच आठवतं. त्यात ते मूल बहुतेक वेळा मजुराच्याच घरातलं असतं.

वेळापत्रकाचं आता. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात शेतीचं प्रात्यक्षिक होत नाही. वाफ्यावर जाणं, अवजारं वाटणं, परत येऊन हातपाय धुणं यातच तास संपतो. आठवड्यातून एकदा सलग अडीच-तीन तास द्या, शक्यतो सकाळी. याशिवाय रोज शाळा भरण्याआधीची वीस मिनिटं पाणी आणि पाहणीसाठी. इंग्रजी-गणिताचे शिक्षक आधी कुरकुर करतील. त्यांना या कामात ओढा, पुढे उदाहरण देतो आहे.

शाळेचं कॅलेंडर आणि पिकाचं कॅलेंडर जुळत नाही, ही सगळ्यात मोठी अडचण. ती आधीच कागदावर सोडवून ठेवावी लागते. तुमच्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर प्रयोगाच्या पट्ट्यात सोयाबीन पेरा. शंभर दिवसांच्या आसपासचं वाण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बहुधा दिवाळीच्या सुट्टीआधी, काढणीला येतं. अर्धा पट्टा नेहमीसारखा सपाट, अर्धा रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद गादीवर पीक आणि दोन्ही बाजूंना सऱ्या. उघडीप पडली तर आणि पाऊस जास्त झाला तरी, दोन्हींतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. काढणीच्या वेळी दोन्हीकडे एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखून झाडं, शेंगा, दाण्याचं वजन मोजायचं. हरभरा दिवाळीच्या सुट्टीला जोडून पेरला की फेब्रुवारीच्या अखेरीस हाती येतो. वाफ्यांवर पावसाळ्यात भेंडी, गवार. मेथी-कोथिंबिरीचा नाद तेव्हा करू नका, पावसाच्या माऱ्यात ती टिकत नाही आणि पहिल्याच अनुभवात मूल हिरमुसतं. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, आणि एका कडेला मिरचीची चार-पाच रोपं. मार्चअखेर वाफे मोकळे करायचे, ओलवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात माती तापून तणाचं बी आणि बऱ्याच बुरश्या मरतात. सुट्टीत पाणी कोण घालणार हा प्रश्नच उरत नाही.

एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो. ते बिनखर्चाचं आहे आणि पहिल्याच वर्षी गावात विषयाची पत तयार करतं. तुमच्या भागात निम्म्याहून अधिक शिवार सोयाबीनचं, आणि बरेच जण घरचंच बियाणं पेरतात. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आपटली, थप्पी उंच लावली, की वरून टपोरा दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. म्हणून एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, प्रत्येक मुलाने घरच्या बियाण्याची मूठभर पिशवी आणायची. पोत्यात वरून, मधून, तळातून हात घालून काढलेलं बी. वरवरचं निवडक नको. त्यातले सरसकट शंभर दाणे मोजायचे. ओलं करून पिळलेलं गोणपाट पसरायचं, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हाताने गुंडाळी करायची. मुलाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी सुतळीने बांधायची. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोड मोजायचे.

इथे मुलं पहिली गल्लत करतात, ती म्हणजे जरासा फुगलेला दाणाही ‘उगवला’ म्हणून धरतात. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलं रोपच मोजायचं, वाकडं-तिकडं, कुजकं, बुरशी आलेलं वेगळं ठेवायचं. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण. साठ ते सत्तरच्या मध्ये आले तर बियाणं किती वाढवायचं हे त्रैराशिकाने काढायचं: पासष्ट टक्के उगवण असेल तर तीस गुणिले सत्तर भागिले पासष्ट, म्हणजे सव्वाबत्तीस किलोच्या आसपास. हा तास गणिताच्या शिक्षकांनी घ्यावा. साठच्या खाली आलं तर ते बी पेरूच नये. निकाल शाळेच्या शिक्क्याच्या कागदावर लिहून मुलाने घरी न्यायचा. पेरणीच्या तोंडावर दुबार पेरणीची धास्ती असलेल्या बापाच्या हातात आपल्या पोरीने असा कागद दिला, की ‘शाळेत शेती कशाला शिकवता’ हा सवाल त्या घरात पुन्हा कुणी विचारत नाही. दुसऱ्या वर्षी शेजारचे लोकही पिशव्या घेऊन येतात.

पेरणीच्या आठवड्यात हेच पुढे न्यायचं. बीजप्रक्रियेचा क्रम प्रत्येकाला पाठ हवा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. आणि तो तसा का, हेही सांगता यावं. मुलांनी हात लावायचा तो फक्त जिवाणूंच्या पाकिटाला.

वहीकडे येतो, कारण विषय खरा टिकतो तो वहीत. छापील प्रात्यक्षिक वही परीक्षेसाठी लागेल ती ठेवा. पण त्याखेरीज एक साधी दोनशे पानी वही वाफ्याची हवी. तिच्यात तारीख, आज काय दिसलं, काय केलं, का केलं, किती वेळ लागला, किती पैसे लागले, आणि शेवटी एक रकाना ‘कळलं नाही’. हा शेवटचा रकाना सोडू नका. समजा एका मुलीने लिहिलं, ‘मिरचीवर चुरडा-मुरडा आलाय.’ एवढ्यावर शिक्षकांनी सही ठोकली तर काहीच शिकवलं गेलं नाही. त्यांनी लाल पेनाने विचारायचं, पानं वरच्या बाजूला वळलीत की खालच्या? ती परत वाफ्यावर जाते. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील आणि देठ लांबले असतील तर कोळी. भिंग घेऊन पान उलटं करून बघते. फुलकिडा पळताना दिसतो. कोळी इतका बारीक की भिंगातूनही नजर बसायला वेळ लागतो. आपण ज्याला सरसकट एकच नाव देतो ती दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचं औषध वेगळं आहे, हे त्या मुलीला आता कुणी सांगावं लागत नाही. उद्या कृषी सेवा केंद्रात दुकानदार म्हणेल ती बाटली ती मुकाट्याने उचलणार नाही. माझ्या मते नववी-दहावीच्या कृषी शिक्षणाचं सगळ्यात मोठं फळ हेच आहे.

म्हणून साहित्याच्या यादीत सगळ्यात वर वीस चांगली भिंगं लिहा. त्यानंतर पर्जन्यमापक, अर्ध्या ग्रॅमचा फरकही दाखवणारा काटा, सामू (पीएच) आणि क्षारता मोजायचं छोटं यंत्र, मुलांच्या हाताला बसतील अशी खुरपी आणि कुदळी, झाऱ्या. अवजारं ठेवायला कुलुपाची खोली आणि एक पत्र्याची शेड, जिथे पाऊस असला तरी काम चालेल. हात धुवायला नळ आणि साबण. शाळेच्या पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा फळ्यावर लिहा आणि महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्हींत कधी कधी केवढी तफावत असते ते पाहून पीकविम्यावरची गावातली चर्चा मुलांना खऱ्या अर्थाने कळेल.

ठिबकही असंच शिकवा. ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं भांडं ठेवलं तर एक लिटर भरायला हवं. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला तीन भांडी ठेवा. टोकाला सहाशे मिली भरलं तर का? दाब कमी आहे, फिल्टर तुंबलाय की नळीत क्षार बसलेत? विज्ञानाचा दाब हा धडा इथे तासाभरात होतो.

पॉलीहाऊसबद्दल तुमच्या माजी विद्यार्थ्यांना नम्रपणे ‘आत्ता नको’ म्हणा. पॉलीहाऊसचा प्लास्टिकचा कागद काही वर्षांत बदलावा लागतो, तुमच्याकडच्या मे महिन्याच्या वावटळीत तो फाटतो, भारनियमनात आतलं पीक होरपळतं आणि एका ढोबळी मिरचीच्या पिकापायी तुमचे एकमेव कृषी शिक्षक पॉलीहाऊसचे व्यवस्थापक होऊन बसतात. वर्गातल्या फार थोड्या घरांना ते परवडणार असतं. त्याच पैशातून शेड, टाकी, ठिबक, एक लहान शेडनेट रोपवाटिकेसाठी आणि शिक्षकांच्या गृहभेटींचा पेट्रोल खर्च पाच वर्षांसाठी बँकेत ठेव म्हणून मागा. देणगीदाराला दिसणारी वस्तू हवी असते हे खरं. मग शेडवर त्यांच्या बॅचचं नाव लावा.

आता घरचा प्रकल्प. प्रत्येक विद्यार्थ्याने नववीत एक निवडायचा आणि दहावीच्या दिवाळीपर्यंत चालवायचा. पण इथे सावध राहावं लागतं. तुमच्या वर्गातल्या अनेकांच्या घरी जमीन नसेल. सातबारा असलेल्यांची मुलं ‘आमच्या दहा एकरांत’ म्हणून बोलत असताना ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतमजुरांची मुलं गप्प बसतात. प्रकल्पांची यादी पहिल्यापासूनच अशी ठेवा की जमीन नसलेलं मूल कुठेही मागे पडणार नाही: शेवग्याची-पपईची शंभर रोपं पिशव्यांत तयार करून विकणं, सोयाबीनच्या भुश्श्यावर धिंगरी अळिंबी (मशरूम), पाच गावरान कोंबड्या, एक शेळी, ॲझोला या पाण्यावर वाढणाऱ्या चाऱ्याचा वाफा, अंगणातली परसबाग, शेजारच्या शेतावर सापळे लावून किडींची साप्ताहिक मोजणी करून देणं. अळिंबीची पिशवी भरल्यापासून पहिली काढणी साधारण तीन-चार आठवड्यांत येते, म्हणून पहिल्या यशासाठी ती फार चांगली. मोठ्या शेतकऱ्याच्या मुलालाही बापाची दहा एकर प्रकल्प म्हणून दाखवू देऊ नका. त्याचा स्वतःचा गुंठा वेगळा हवा, निर्णय त्याचा, हिशेब त्याचा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. शेतातली निंदणी, पेरणी, वेचणी, बियाणं राखणं हे बहुतांश बायाच करतात, आणि कृषी विषयाच्या तासाला मात्र ट्रॅक्टर आणि फवारणी पंप मुलांच्या हाती, मुलींच्या हाती झारी, असं सर्रास होतं. ठिबकची जोडणी, मोटारीचा स्टार्टर ओळखणं, वजनकाटा, बँकेचा व्यवहार हे मुलींनी आधी करावं. आयांना शाळेत शिकवायला बोलवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण देशी वाणांची बियाणं जपण्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. तुमच्या गावातही राख लावून तुरीचं, वालाचं बी वर्षानुवर्षं टिकवणारी कुणी आजी असेलच. तिला खुर्ची देऊन, तिचं म्हणणं वहीत उतरवून घेऊन एक सकाळ द्या.

सुरक्षिततेत तडजोड नको. विद्यार्थ्याने रासायनिक कीटकनाशक हाताळायचं नाही, मोजायचंही नाही, घरच्या प्रकल्पातसुद्धा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्यासमोर आहे. मुलांनी शिकायचं ते बाटलीवरचं लेबल वाचायला. लाल, पिवळा, निळा, हिरवा या त्रिकोणांचा अर्थ, मात्रा, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद, विषबाधेवर काय उपाय लिहिलाय. एका तासाला प्रत्येकाने घरातल्या एका बाटलीवरचा मजकूर फक्त लिहून आणायचा, बाटली आणायची नाही. शाळेच्या वाफ्यावर पाच टक्के निंबोळी अर्क, चिकट सापळे आणि हाताने अळ्या वेचणं एवढ्यावर भागवा. विहिरीला कठडा, मोटारीपाशी शिक्षक सोबत असल्याशिवाय कुणी जायचं नाही, पावसाळ्यात गवतात जाताना गमबूट, आणि सर्पदंश झाला तर कोणत्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध असतं तो फोन नंबर शेडच्या दारावर रंगवून ठेवा.

शिक्षक हा तुमचा सगळ्यात नाजूक धागा आहे. मानधनावरच्या शिक्षकाचा करार अनेक ठिकाणी एप्रिल-मेमध्ये संपतो आणि पुढचा आदेश यायला पाऊस उलटून जातो. खरीप हातचा गेला की वर्षाचा निम्मा विषय गेला. त्या काळाची तजवीज म्हणून तुमच्या कायम सेवेतल्या एका विज्ञान शिक्षकाला पहिल्या दिवसापासून जोडीला द्या. वहीची पद्धत, वाफ्यांचा नकाशा, बियाण्याची नोंद हे सगळं त्यांनाही माहीत असलं पाहिजे. कृषी शिक्षकांना निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशेब, परिपाठाची जबाबदारी यातून जेवढं सोडवता येईल तेवढं सोडवा. त्याऐवजी आठवड्यातून एक दुपार गृहभेटींसाठी राखून ठेवा. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मे महिन्यात खरीप मेळावा भरतो. तिथे त्यांना शाळेच्या खर्चाने पाठवा, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी ओळख करून द्या. नवी वाणं, बदललेल्या शिफारशी पाठ्यपुस्तकात यायला वर्षं जातात, केंद्रात त्या त्याच हंगामात कळतात. ठिबकचा मिस्त्री, रोपवाटिकावाला, पशुधन पर्यवेक्षक, बचत गटाची मसाला कांडणारी ताई यांना वर्षातून दोन-दोन सकाळी बोलवा आणि मानधन द्या. फुकट बोलावलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

वाफ्यांवरचा भाजीपाला आठवडी बाजारात मुलांनीच विकावा. विक्रीआधी प्रत्येकाने जुडीमागे खर्च किती आला ते काढायचं, स्वतःच्या वेळेचे पैसे धरून. मोंढ्यात सोयाबीन विकल्यावर हिशेबाची पावती, म्हणजे पट्टी, फाडतात तशी एक खरी पट्टी वर्गात वाचा: हमाली, तोलाई, गाडीभाडं, ओलाव्यापोटी कपात. क्विंटलचा भाव आणि हातात पडलेली रक्कम यांतला फरक मुलांनी स्वतः काढावा. वाफ्याच्या पैशाबद्दल नियम स्पष्ट ठेवा. बियाणं-खताचा खर्च वजा जाता उरलेलं मुलाचं, आणि सगळा हिशेब सूचना फलकावर. यात जराही धूसर ठेवलं की गावात चर्चा सुरू होते आणि एका हंगामात विश्वास जातो.

परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक येतील, ते त्यांच्या पद्धतीने गुण देतील. तुमची स्वतःची एक चाचणी त्याआधी फेब्रुवारीत घ्या. गावातला एक चांगला शेतकरी, एक आई आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) असे तिघं, मुलाच्या वाफ्यापाशी उभे राहून दहा मिनिटं विचारणार. मुलाने वही उघडून उत्तर द्यायचं. उत्पन्न किती आलं याला गुण नकोत. पीक गेलं पण का गेलं हे ज्याला नोंदींवरून सांगता आलं, त्याला चांगले गुण मिळाले पाहिजेत. नाहीतर मुलं खोट्या नोंदी करायला शिकतात.

पालक विचारतील, पुढे काय? दहावीनंतर कृषी तंत्र पदविका आहे, बारावी विज्ञान करून सीईटीतून कृषी पदवी आहे, अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम आहेत. वर्गातले थोडे त्या वाटेने जातील, बाकीचे आयटीआयला, पोलीस भरतीला, पुण्याला कंपनीत जातील. ज्यांची मुलं शेती सोडणार आहेत त्यांनाही हा विषय हवाच, कारण मागे राहिलेल्या जमिनीचे निर्णय उद्या फोनवरून तेच घेणार आहेत.

पहिल्या वर्षी एवढंच करा: वाफे, वही, उगवणक्षमता तपासणी, आणि दिवाळीनंतर घरचे प्रकल्प. प्रयोगाचा अर्धा एकर जमला तर बरं, नाहीतर दुसऱ्या वर्षी. शेडनेट, माती परीक्षण, दहावीच्या मुलांनी गावासाठी मोबदल्यावर कामं करणं हे तिसऱ्या वर्षाकडे ठेवा. आणि आत्ताच एक जाड रजिस्टर आणून ठेवा. पहिली तुकडी दहावी झाली की प्रत्येकाचा फोन नंबर त्यात लिहायचा आणि दर वर्षी मे महिन्यात कृषी शिक्षकांनी फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: सध्या काय करतोस, आणि घरच्या शेतात, गोठ्यात किंवा परसात तुझ्या सांगण्यावरून काय बदललं. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण ‘काहीच नाही’ म्हणतील, तेही तसंच लिहायचं. तीन-चार वर्षांनी त्या पानांवरूनच तुम्हाला कळेल की कोणता भाग वाढवायचा आणि कोणता सोडून द्यायचा.